नवशिक्या काइटबोर्डरने गोव्यात कुठलं पाणी निवडावं?

प्रश्न असा आहे: "मी डिचोलीला राहतो. मोरजीला काइटबोर्डिंगचा सुरुवातीचा कोर्स केला. काइट हवेत धरता येते, बॉडी ड्रॅग (बोर्डशिवाय पाण्यात आडवं राहून काइटच्या ओढीने सरकणं) थोडाफार जमतो, बोर्डवर उभं राहणं अजून नाही. समुद्राच्या लाटांची भीती वाटते. घरापासून जवळ मये तळं आहे, आमठाणे धरण आहे, करमळीचं तळंही फार लांब नाही. सरावासाठी यातलं कोणतं बरं? आणि स्वतःची काइट घ्यायची तर कोणती?"

तुमच्या यादीतल्या एकाही ठिकाणी काइट लावू नका. तुम्हाला हवं तसं पाणी, म्हणजे कमरेइतकं खोल, सपाट, लाटा नसलेलं, गोव्यात आहे. पण ते तळ्यात मिळत नाही. ते नदीच्या मुखाशी मिळतं आणि तेही भरती-ओहोटी बघून गेलात तरच. हा खेळ, म्हणजे काइट नावाच्या मोठ्या पतंगाच्या ओढीने पायाखालच्या बोर्डवरून पाण्यावर सरकणं, मी बरीच वर्षं करतो आणि शिकवतोही. शांत तळं शोधायची इच्छा जवळपास प्रत्येक नवशिक्याला होते, त्यामुळे कारणं नीट सांगतो.

आपण सगळे पाणी बघून जागा ठरवतो. लाटा नाहीत, प्रवाह नाही, समोरचा काठ दिसतो, म्हणजे सुरक्षित. पण काइटबोर्डिंगमध्ये तुम्हाला उचलणारा, ओढणारा आणि आपटणारा असतो तो वारा. पाणी कितीही निवांत असलं तरी वर वारा फाटलेला, म्हणजे तुटक झोतांनी येणारा असेल, तर ती जागा शिकण्याची नव्हे.

डिसेंबर ते मे या काळात गोव्यात काइटला लागणारा वारा म्हणजे शाळेच्या भूगोलातले खारे वारे. सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा असतो. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येऊ लागते. दुपारी बाराएकच्या सुमारास सुरुवात होते, तीन ते पाच या वेळात तो भरात येतो, सूर्य कलला की पडतो. दिशा पश्चिम ते वायव्य. चांगल्या दिवशी १२ ते १६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). समुद्रावर त्याला अडवायला काहीच नसतं, म्हणून किनाऱ्यावर पोचतो तेव्हा तो एकसारखा असतो. त्यानंतर माडांच्या रांगा लागतात, घरं लागतात, टेकड्या लागतात. डिचोलीपर्यंत येईतो त्याचा जोर ओसरलेला असतो आणि जो उरतो त्याचे तुकडे झालेले असतात.

कुठल्याही उंच अडथळ्याच्या मागे, त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत हवा ढवळलेली राहते. माड सहज २० मीटर उंच असतो. म्हणजे वाऱ्याकडच्या काठावर माडांची रांग असेल तर तिच्यापुढचं २०० मीटर पाणी काइटसाठी बाद. टेकडी असेल तर हिशेब आणखी बिघडतो. गोव्यातल्या बहुतेक तळ्यांची रुंदी बघा आणि त्यातून हे २०० मीटर वजा करा. जे उरेल ते समोरच्या काठाला चिकटलेलं असेल आणि तिथे पुन्हा झाडं. शिवाय तुमच्या दोऱ्या २० ते २४ मीटरच्या असतात. काइट उडते ती नेमकी माडांच्या शेंड्यांच्या उंचीवर, जिथे ही ढवळाढवळ सगळ्यात जास्त असते.

मये तळ्याच्या काठावर फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी हे मुद्दाम तपासलं. लांब बांबूच्या टोकाला पातळ रिबीन बांधली आणि उभा राहिलो. किनाऱ्यावर त्या वेळी छान वारा चालू होता. इथे रिबीन काही क्षण पूर्वेकडे ताठ उडाली, मग सरळ खाली लोंबली, मग उलट्या दिशेला वळून बांबूलाच गुंडाळली गेली. पाण्यावर बारीक लहरींचा एक गडद पट्टा धावत आला आणि मध्येच विरला. त्याच्या बाजूलाच तेल सांडल्यासारखा गुळगुळीत चकचकीत भाग होता, तिथे हवा हलतच नव्हती. आता या जागी तुमची १२ मीटरची (म्हणजे १२ चौरस मीटर क्षेत्रफळाची) काइट डोक्यावर आहे असं समजा. वारा पडतो, दोऱ्या सैल होतात, काइट मागे घसरत खाली येते आणि अर्ध्या वाटेवर झोत तिला पकडतो. तेव्हा ती पॉवर झोनमध्ये, म्हणजे ओढ सगळ्यात जास्त असते त्या पट्ट्यात असते आणि तुम्ही हवेत.

वाऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० नॉटचा वारा १४ झाला की ओढ जवळजवळ दुप्पट. ९ चा १८ झाला की चौपट. किनाऱ्यावर नवशिक्याला वारा १३ ते १५ च्या दरम्यान खेळताना मिळतो, ते हाताला सांभाळता येतं. टेकड्यांमधल्या तळ्यावर ७ ते १६ असा खेळ चालतो. त्यात अनुभवी माणूसही बारवर (काइट सांभाळायच्या दांडीवर) सतत काम करत राहतो, शिकणाऱ्याला तर काही कळायच्या आत सगळं होऊन जातं.

परदेशात लोक तळ्यांवर शिकतात हे खरं आहे. पण ती तळी वाऱ्याच्या रेषेत पडलेली असतात. स्वित्झर्लंडचं सिल्वाप्लाना तळं घ्या. डोंगरांच्या मधोमध असूनही ते काइटसाठी प्रसिद्ध आहे, कारण मालोया खिंडीतून येणारा दुपारचा वारा दरीच्या लांबीने, तळ्याच्या लांबीनेच वाहतो. आपल्याकडे पश्चिमेला तोंड उघडं ठेवून वाऱ्याच्या रेषेत पडल्या आहेत त्या नद्या. तळी मात्र डोंगरांच्या कुशीत आहेत, कारण पाणी तिथेच अडतं.

बाकीच्या जागांबद्दल. करमळीचं तळं मयेपेक्षा उघडं आहे, म्हणून तिथे मोह होतो. पण हिवाळ्यात, म्हणजे आपल्या हंगामातच, ते पक्ष्यांचं असतं. अडई, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, उत्तरेकडून आलेली बदकं. आकाशात फडफडणारी मोठी काइट त्यांना शिकारी पक्ष्यासारखी दिसते आणि अख्खा थवा उठतो. दुसरं म्हणजे तळ्याच्या बाजूनेच कोकण रेल्वे जाते आणि तिच्यावर आता २५,००० व्होल्टची तार आहे. ओल्या दोऱ्या आणि ती तार, एवढं एकच कारण मला पुरेसं आहे. कुडचड्याच्या नंदा तळ्याचंही कुणी सुचवलं तर नको म्हणा. २०२२ साली ते गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. तिथे दुर्बीण घेऊन जावं.

आमठाणे, अंजुणे, साळावली ही धरणं. इथे उतरायला जलस्रोत खात्याची परवानगी लागते आणि यातलं पाणी लोकांच्या नळांना जातं, त्यामुळे ती सहज मिळेल अशी आशा धरू नका. पण समजा मिळाली, तरी धरणाचा तळ म्हणजे बुडालेली जमीन असते. साळावलीच्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे, मोगूबाई कुर्डीकरांचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथली जोती, भिंती, झाडांचे बुंधे, मंदिराचं आवार वर येतं आणि जुने गावकरी तिथे भेटायला जातात. आता विचार करा, पाणी त्या भिंतींच्या वर फक्त गुडघाभर आहे आणि तुम्ही बॉडी ड्रॅग करत त्यावरून ओढले जाताय. प्रत्येक धरणात असं काही ना काही असतंच. शिवाय बांधाच्या आतल्या उतारावर दगडी पिचिंग (रचलेले दगड) असतं आणि एका बाजूला सांडवा. वाऱ्याने तिकडे नेलं तर काठ लागला म्हणून सुटलात असं होत नाही.

डिचोलीचे आहात म्हणून एक गोष्ट वेगळी बजावतो. बंद पडलेल्या खाणींच्या खंदकांत साचलेलं हिरवंनिळं पाणी वरून फार सुंदर दिसतं आणि विस्तीर्णही वाटतं. तिथे काइट घेऊन तर नाहीच, पोहायलाही उतरू नका. काठ उभा असतो, माती ढिली असते, दोन पावलांवर पाय टेकत नाही आणि बाहेर यायला धरायला काही नसतं. चहूबाजूंनी कडे असल्यामुळे वाराही तिथे गोल गोल फिरतो.

खाजनांचा, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या सखल खाऱ्या जमिनींचा विचार मात्र मी गांभीर्याने केला आहे. चोडण, दिवाडी, शिवोली या भागातली खाजनं सखल आणि उघडी आहेत, वारा तिथे बऱ्यापैकी साफ येतो आणि पाणी सपाट असतं. तरीही नाही. ती कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीच्या संस्थेची) किंवा शेतकऱ्यांची जमीन आहे, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) मासळीचा हक्क कुणाचा तरी असतो, बांध आणि खांब जागोजागी आहेत, तळाला मांडीपर्यंत चिखल आणि त्यात कालवांची धारदार शिंपलं. कुंभारजुवेच्या बाजूला तर मगरी आहेत, तिथल्या गावांत मातीची मगर करून पुजतात ती उगाच नव्हे. आगरवाड्याची मिठागरं रस्त्यावरून आरशासारखी दिसतात, पण तिथे पाणी वीतभर असतं आणि त्यावर कुणाचं तरी वर्षाचं पोट असतं.

आता जावं कुठे, ते सांगतो. मोरजीच्या दक्षिण टोकाला, शापोरा नदीच्या मुखाशी. कोर्स तुम्ही तिथेच केला आहे, पण बहुधा समुद्राच्या बाजूला केला असेल. त्याच किनाऱ्याची आतली बाजू तुम्हाला हवी आहे. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा तयार होतो. ओहोटीला तो उघडा पडतो, लाटा त्याच्यावरच फुटतात आणि त्याच्या आतल्या बाजूला सपाट, उथळ पाणी राहतं. दांडा दरवर्षी पावसाळ्यानंतर जागा बदलतो, म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. हंगामाच्या सुरुवातीला ओहोटीच्या वेळी काइट न घेता जा आणि पायी फिरून बघा. काठीने खोली चाचपा, वाळू कुठे संपते आणि होड्यांचा खोल मार्ग कुठे सुरू होतो ते डोक्यात पक्कं करा. चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. उथळ वाळूत पाकट दडून बसतो, पायाच्या चाहुलीने तो निघून जातो, पण त्याच्यावर पाय पडला तर काटा मारतो.

समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात की वायव्येचा वारा उजवीकडून आणि थोडा समोरून येतो. म्हणजे काही चुकलं तर तो तुम्हाला किनाऱ्याकडे किंवा मुखाच्या आत ढकलतो, खोल समुद्रात नेत नाही. नवशिक्याला हीच दिशा लागते. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर, कितीही हलका असो, काइट पिशवीतून काढू नका.

भरती-ओहोटीची गोष्ट मात्र वाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक जण कोर्समध्ये अर्ध्या कानाने ऐकतात. ओहोटी लागली की नदीचं सगळं पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावतं आणि ओहोटी निम्मी झाली की ओढ सर्वांत जास्त असते. काइट पडलेली, बोर्ड हातातून सुटलेला आणि पाणी समुद्राकडे नेतंय, अशी वेळ नवशिक्यावर येऊ नये. भरतीत उलट होतं, पाणी तुम्हाला आत, नदीत नेतं. म्हणून ओहोटी संपून पाणी थांबल्यावर उतरा आणि भरतीच्या पहिल्या भागात सराव करा.

दिवस कसा निवडायचा? आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवसांत, पूर्ण भरती साधारण दुपारच्या आधी येते आणि वारा भरात असतो तेव्हा ओहोटी जोरात चालू असते. पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे ओढही मोठी. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, चित्र फिरतं. पाण्याची चढउतार कमी, प्रवाह मंद आणि दुपारी बहुतेक वेळा भरती चालू. दांडा तेवढा उघडा पडत नाही, पाणी थोडं जास्त असतं, पण ओढ नसल्यामुळे ते दिवस तुमचे. कालनिर्णय बघून अष्टमी शोधा, मग मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघून नेमकी वेळ पक्की करा. रोज साधारण ५० मिनिटांनी वेळ पुढे सरकते. शापोऱ्याच्या जेटीवरचे मच्छीमार हे सगळं न बघता सांगतात. त्यांना विचारा, ते मनापासून सांगतात. त्यांच्या ट्रॉलरच्या मार्गात मात्र कधी जाऊ नका आणि किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर ती पूर्ण होईपर्यंत काइट खाली ठेवा.

मोरजीला टेंबच्या भागात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि त्यांचा हंगाम आपल्या हंगामावरच येतो. वन खातं जागा कुंपण घालून राखतं. त्या पट्ट्यात काइट पसरणं, फुगवणं, लाँच करणं, त्यातून दोऱ्या ओढत नेणं, यातलं काहीही करू नका, आणि दुसरं कुणी करत असेल तर त्याला थांबवा. ही जागा आपल्याला वापरू देतात ती आपण नीट वागतो म्हणूनच.

मुखाच्या आतसुद्धा मर्यादा ठरवून घ्या. डाउनविंड दिशेला (वारा जातो त्या बाजूला) किमान १०० मीटर मोकळं, कमरेइतकं पाणी हवं. शिवोली-चोपडे पुलाच्या दिशेने वाहत जाऊ लागलात की बारवरचा हात सोडा, काइट पाडा आणि चालत परत या. एकटे कधीच जाऊ नका. लाँच-लँडिंगला जाणता माणूस हवा आणि निदान सुरुवातीला तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करा. मिरामार-करंजाळेच्या बाजूला विंडसर्फिंगची मंडळी असतात, पण गर्दी आणि बोटींमुळे तुमच्यासाठी ती जागा नाही. साळ नदीचं मुख, बेतूल-मोबरकडचं, ट्रॉलर आणि ओढ यांमुळे अनुभवी माणसांसाठीच ठेवा. अगदी तळ्यासारखंच पाणी हवं असेल आणि आठवडाभराची सुट्टी काढता येत असेल तर तामिळनाडूत रामेश्वरमला जा. तिथली उथळ खाडी शिकण्यासाठी आपल्या देशातली मला सगळ्यात आवडणारी जागा आहे.

लाटांच्या भीतीबद्दल थोडं. बोर्डवर उभं राहणं जमत नाही त्याचं कारण लाटा असतीलच असं नाही. बॉडी ड्रॅग 'थोडाफार' जमतो असं तुम्ही लिहिलंय, खरी अडचण मला तिथे दिसते. एका हाताने काइट धरून, दुसरा हात पाण्यात खुपसून, वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं सरकत सुटलेल्या बोर्डपर्यंत पोचता आलं पाहिजे. ते पक्कं झालं की बोर्ड सुटण्याची धास्ती जाते आणि लाटांची भीतीही निम्मी होते. ते पक्कं नसताना बोर्डवर वेळ घालवू नका.

आणि हा सराव डिचोलीत बसूनही पुढे नेता येतो. भाताची कापणी झालेलं मोकळं शेत शोधा, मालकाला विचारा, वरून विजेची तार जात नाही ना हे बघा. दोन-तीन मीटरची ट्रेनर काइट तिथे उडवा. अशा छोट्या काइटला फाटका वारा चालतो, उलट हात तयार होतो. काइटकडे न बघता ती एका बाजूला ४५ अंशावर धरून ठेवता आली पाहिजे, मग एका हाताने आठचा आकडा काढता आला पाहिजे. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) वारा जास्त चांगला मिळतो, पण जांभ्यावर पडलात तर गुडघे सोलून निघतील, म्हणून शेतच बरं.

एप्रिल-मेमध्ये एक वेगळी काळजी घ्या. दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात आणि कधी कधी संध्याकाळी किनाऱ्याकडे येतात. पूर्वेला आभाळ काळवंडलं, चालू वारा अचानक पडला, हवा थंड लागली, यातलं काही जाणवलं की त्या क्षणी काइट उतरवा आणि हवा काढून टाका. वादळाचा झोत पूर्वेकडून येतो, म्हणजे तुम्हाला समुद्रात ढकलतो, आणि सोबत वीज असते. जून ते सप्टेंबर विषयच बंद ठेवा.

आता काइट. वजन किलोत घ्या, वाऱ्याच्या नॉटने भागा, २.२ ने गुणा, अंदाज मिळतो. ७० किलोच्या माणसाला १४ नॉटला ११ मीटर. आपल्याकडचा वारा हलकाच असतो, म्हणून ६५ ते ८० किलोच्या माणसाने पहिली काइट १२ मीटरची घ्यावी. ८० च्या वर असाल तर १४. बोर्ड १४० सेंटीमीटर किंवा थोडा मोठा, रुंद, म्हणजे कमी ओढीतही तो तुम्हाला वर ठेवतो. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण काइट पूर्ण फुगवून काही तास तशीच ठेवून बघा, हवा उतरली तर ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व गेलेला आहे. दोऱ्या ताणून चारही सारख्या लांबीच्या आहेत का ते बघा. बार जुना असेल तर काइट जुनी घ्या आणि बार नवा घ्या. क्विक रिलीज (अडचणीत काइट सोडवायचा खटका) वाळू आणि मीठ बसून घट्ट होतो, तो विकणाऱ्यासमोर, हार्नेस (काइटला जोडणारा कमरेचा पट्टा) घालून, पूर्ण वजन टाकून उघडून बघा. एका हाताने, न बघता, पहिल्या झटक्यात सुटला नाही तर तो बार घेऊ नका.